कठिनतेवरील ठसा-आकार परिणाम

ठसा-आकार परिणाम म्हणजे एकाच धातूची कठिनता मोजताना इंडेंटरने उमटवलेला ठसा जितका लहान व उथळ, तितके कठिनतेचे मूल्य बदलत जाण्याची घटना होय. स्फटिकी धातूंमध्ये ठशाची खोली काही मायक्रोमीटरच्या खाली गेली की मोजलेली कठिनता सहसा वाढते. खोली एक मायक्रोमीटरच्याही खाली असेल, तर नरम धातूंमध्ये हे मूल्य मोठ्या ठशावरून मिळालेल्या मूल्याच्या दुप्पट ते तिप्पट होऊ शकते. ठसा दहा मायक्रोमीटरपेक्षा बराच खोल असेल, तर हा परिणाम जवळजवळ नाहीसा होतो. त्यामुळे कार्यशाळेतील नेहमीच्या ब्रिनेल किंवा रॉकवेल चाचणीत तो जाणवत नाही.

या परिणामाचा काही भाग मापनातील त्रुटींमुळे निर्माण होतो, तर काही भाग धातूच्या अंतर्गत रचनेमुळे प्रत्यक्षात घडतो. दोन्ही कारणांमुळे कठिनतेचा आकडा भार किंवा खोली यांच्या उल्लेखाशिवाय अपुरा ठरतो.

ठसा-आकार परिणाम आणि पृष्ठभागापासून आत जाताना धातूची कठिनता खरोखरच बदलणे या दोन वेगळ्या बाबी आहेत. पहिला परिणाम सर्वत्र एकसारख्या असलेल्या धातूतही आढळतो. दुसरी बाब पाणी दिलेली धार, कार्बन मुरवलेले दातेरी चाक किंवा चाकांच्या घर्षणाने दाबला गेलेला रेल्वे रूळ यांसारख्या थरयुक्त वस्तूंमध्ये दिसते.

## संकल्पना

धातूच्या पृष्ठभागात कठीण इंडेंटर दाबला असता धातू कायम विकृत होण्यास जो विरोध करतो, त्याला ठसा-कठिनता म्हणतात. ढोबळमानाने, इंडेंटरवरील भाराला ठशाच्या क्षेत्रफळाने भागले की कठिनता मिळते. ब्रिटिश पदार्थवैज्ञानिक डेव्हिड टेबर यांनी १९५१ मध्ये प्रकाशित केलेल्या धातूंच्या कठिनतेवरील ग्रंथात दाखवल्याप्रमाणे, धातूची ठसा-कठिनता त्याच्या प्रवाही प्रतिबलाच्या, म्हणजे धातू कायमचा वाकू-दबू लागतो त्या प्रतिबलाच्या, सुमारे तिप्पट असते. याच संबंधामुळे एका लहानशा ठशावरून धातूच्या बळकटीचा अंदाज बांधता येतो.

इंडेंटर पिरॅमिड किंवा शंकूच्या आकाराचा असेल, तर लहान ठसा हा मोठ्या ठशाची हुबेहूब लहान प्रतिकृती असतो. दोन्ही ठशांखालील धातूची सरासरी विकृती सारखीच असते. म्हणून सातत्य यांत्रिकीच्या पारंपरिक सिद्धान्तानुसार, भार चौपट केल्यास ठशाचा कर्ण दुप्पट व्हावा आणि कठिनता तीच राहावी. प्रत्यक्ष प्रयोगांत सूक्ष्म ठशांच्या बाबतीत असे घडत नाही. पारंपरिक सिद्धान्तात लांबीचे कोणतेही अंगभूत परिमाण नसते, तर खऱ्या धातूत ते असते, हे या विसंगतीचे मूळ आहे.

## चाचणी पद्धती आणि ठशाची खोली

प्रचलित चाचण्यांत उमटणाऱ्या ठशांच्या खोलीत प्रचंड तफावत असते.

* ब्रिनेल चाचणी – पोलादासाठी सामान्यतः १० मिमी व्यासाची गोळी व ३,००० किलोग्रॅम-बल भार वापरतात. २६० ब्रिनेल कठिनतेच्या पोलादात ठशाची खोली सुमारे ०.३७ मिमी, म्हणजे ३७० मायक्रोमीटर भरते.
* रॉकवेल चाचणी – यात खोलीच थेट मोजली जाते. ‘सी’ मोजपट्टीवरील एक अंक ०.००२ मिमी खोलीइतका असतो. त्यामुळे ६० एचआरसी कठिनतेच्या पोलादात प्राथमिक भारानंतर वाढलेली कायम खोली ०.०८ मिमी असते.
* व्हिकर्स चाचणी – समोरासमोरील बाजूंमध्ये १३६ अंशांचा कोन असलेला हिऱ्याचा चौकोनी पिरॅमिड वापरतात. ठशाची खोली त्याच्या कर्णाच्या सुमारे एक-सप्तमांश असते. २०० एचव्ही कठिनतेच्या धातूत १० किलोग्रॅम-बल भाराने सुमारे ३०५ मायक्रोमीटर कर्णाचा व ४३ मायक्रोमीटर खोलीचा ठसा उमटतो. भार १० ग्रॅम-बल केला, तर कर्ण ९.६ मायक्रोमीटर आणि खोली जेमतेम १.४ मायक्रोमीटर होते.
* नॅनोइंडेंटेशन – यात ठसा सूक्ष्मदर्शकाखाली मोजण्याऐवजी भार आणि खोली यांची सतत नोंद घेतात व भार काढतानाच्या वक्रावरून संपर्काचे क्षेत्रफळ ठरवतात. बर्कोविच नावाचा तीन बाजूंचा हिऱ्याचा पिरॅमिड यासाठी सर्वाधिक वापरला जातो. खोली काही दहा नॅनोमीटरपासून काही मायक्रोमीटरपर्यंत असते.

आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ १४५७७ मध्ये नोंदपट्टीयुक्त चाचण्यांचे तीन पल्ले दिले आहेत. २ न्यूटन व त्याहून अधिक भाराच्या चाचण्या स्थूल पल्ल्यात येतात. २ न्यूटनपेक्षा कमी भार पण ०.२ मायक्रोमीटरपेक्षा अधिक खोली असल्यास सूक्ष्म पल्ला, आणि ०.२ मायक्रोमीटर किंवा त्याहून कमी खोली असल्यास नॅनो पल्ला मानला जातो. ठसा-आकार परिणाम मुख्यतः शेवटच्या दोन पल्ल्यांत महत्त्वाचा ठरतो.

## इतिहास

स्वीडिश अभियंते योहान ऑगस्ट ब्रिनेल यांनी १९०० मध्ये गोळीच्या ठशावर आधारित चाचणी मांडली. १९०८ मध्ये जर्मन अभियंते ऑयगेन मायर यांनी भार हा ठशाच्या आकाराच्या एका विशिष्ट घाताच्या प्रमाणात वाढतो, असा अनुभवसिद्ध नियम दिला. हा घातांक मायर घातांक म्हणून ओळखला जातो. पिरॅमिड इंडेंटरसाठी तो नेमका २ असेल, तर कठिनता भारावर अवलंबून नसते. तो २ पेक्षा कमी असेल, तर लहान भाराला कठिनता वाढते. २ पेक्षा अधिक असेल, तर लहान भाराला ती घटते.

१९२० च्या दशकाच्या आरंभी इंग्लंडमधील व्हिकर्स कंपनीत रॉबर्ट स्मिथ व जॉर्ज सँडलँड यांनी पिरॅमिड चाचणी विकसित केली. भार कितीही घेतला तरी ठशाचा आकार समरूप राहणे, हा या चाचणीचा मोठा फायदा मानला गेला. १९३९ मध्ये अमेरिकेत नूप यांची लांबट ठशाची चाचणी आली आणि काही ग्रॅम भाराने मापन करणे शक्य झाले. सूक्ष्मकठिनता मोजली जाऊ लागताच कमी भाराला आकडे वाढतात, असे वारंवार दिसू लागले. बराच काळ हा दोष उपकरणाचा, झिलईचा किंवा निरीक्षकाच्या डोळ्याचा समजला गेला.

१९९२ मध्ये वॉरन ऑलिव्हर व जॉर्ज फार यांनी नॅनोइंडेंटेशनच्या नोंदींवरून कठिनता व स्थितिस्थापक गुणांक काढण्याची पद्धत मांडली. ठसा डोळ्याने मोजण्याची गरज संपली, तरी परिणाम कायम राहिला. १९९० च्या दशकात चांदी, तांबे आणि टंगस्टन यांच्या काळजीपूर्वक तयार केलेल्या नमुन्यांवर तो पुन्हा पुन्हा आढळला. १९९४ मध्ये फ्लेक, म्युलर, अ‍ॅशबी व हचिन्सन यांनी तांब्याच्या बारीक तारांवरील प्रयोग प्रसिद्ध केले. तार पिळली असता बारीक तार जाड तारेपेक्षा प्रमाणाने बरीच बळकट भासत होती, पण सरळ ताणली असता हा फरक फारसा दिसत नव्हता. पिळताना तारेच्या मध्यापासून कडेपर्यंत विकृती बदलत जाते, तर ताणताना ती सर्वत्र सारखी असते. त्यामुळे परिणामाचे मूळ विकृतीच्या उतारात असावे, या विचाराला बळ मिळाले. १९९८ मध्ये विल्यम निक्स व हुआजियान गाओ यांनी हाच विचार कठिनतेला लावून एक सोपे सूत्र दिले.

## भौतिक कारण

### डिसलोकेशन

धातूच्या स्फटिकात अणूंची मांडणी नियमित असते, पण ती निर्दोष नसते. अणूंच्या रांगांमध्ये रेषेसारखे दोष असतात. त्यांना डिसलोकेशन म्हणतात. धातू वाकतो किंवा दबतो तेव्हा अणूंचे अख्खे थर एकदम न सरकता हे रेषीय दोष पुढे सरकत जातात. त्यांची गर्दी झाली की ते एकमेकांची वाट अडवतात आणि धातू कठीण होतो. ठोकून घडवलेले तांबे कडक होते व भट्टीत तापवल्यावर पुन्हा नरम पडते, याचे कारण हेच आहे. ठोकल्याने दोषांची घनता वाढते, तापवल्याने ती घटते.

चांगल्या तापवून नरम केलेल्या धातूत दर चौरस सेंटिमीटर छेदातून साधारण १० लाख ते १० कोटी डिसलोकेशन जातात. अतिशय ठोकलेल्या धातूत ही संख्या एक लाख कोटीच्या घरात जाऊ शकते. ब्रिटिश वैज्ञानिक जी. आय. टेलर यांच्या १९३४ मधील कार्यावर आधारलेल्या संबंधानुसार धातूचे प्रवाही प्रतिबल डिसलोकेशन घनतेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते.

### भौमितिकदृष्ट्या आवश्यक डिसलोकेशन

धातू सर्वत्र सारखा विकृत होत असतानाही काही डिसलोकेशन योगायोगाने एकमेकांत अडकून साठतात. त्यांखेरीज, विकृती जागोजागी वेगळी असेल, तर स्फटिकाचा वाकलेला आकार सामावून घेण्यासाठी जास्तीचे डिसलोकेशन असावेच लागतात. जॉन नाय यांनी १९५३ मध्ये या कल्पनेचा गणिती पाया घातला आणि मायकेल अ‍ॅशबी यांनी १९७० मध्ये तिला धातूंच्या कठिनीकरणाच्या संदर्भात विस्तृत रूप दिले. अशा डिसलोकेशनना भौमितिकदृष्ट्या आवश्यक डिसलोकेशन म्हणतात.

टोकदार इंडेंटर धातूत शिरतो तेव्हा त्याच्या उताराखालील धातूला पायऱ्यापायऱ्यांनी खाली सरकावे लागते. प्रत्येक पायरीसाठी डिसलोकेशनचे एक वलय लागते. ठशाची खोली दहापट केली, तर या वलयांची एकूण लांबी शंभरपट होते. परंतु ती ज्या धातूत विखुरली जातात त्याचे आकारमान हजारपट होते. म्हणून त्यांची घनता एक-दशांश होते. उलट, ठसा जितका उथळ तितकी ही गर्दी दाट, आणि गर्दी जितकी दाट तितका धातू कठीण.

तांब्यासाठी हे गणित केल्यास १ मायक्रोमीटर खोलीच्या ठशाखाली दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ७,५०० कोटी आवश्यक डिसलोकेशन येतात. १० मायक्रोमीटर खोलीला ही संख्या सुमारे ७५० कोटी होते. नरम केलेल्या तांब्यात मुळात असलेल्या १० कोटींच्या तुलनेत दोन्ही संख्या मोठ्या आहेत. मात्र ठशामुळे धातू विकृत होतानाही योगायोगाने बरेच डिसलोकेशन साठतात. खोल ठशात त्यांचेच प्रमाण वरचढ ठरते आणि आकाराचा प्रभाव मावळतो.

## निक्स–गाओ सूत्र

वरील विचारातून निक्स व गाओ यांनी पुढील सूत्र मिळवले:

क = मू × √(१ + ल ÷ ख)

येथे ‘क’ म्हणजे मोजलेली कठिनता, ‘ख’ म्हणजे ठशाची खोली, ‘मू’ म्हणजे अतिशय खोल ठशाला मिळणारी मूळ कठिनता आणि ‘ल’ म्हणजे त्या धातूची व इंडेंटरची वैशिष्ट्यदर्शक लांबी होय. खोली ‘ल’ इतकी असेल, तर कठिनता मूळ मूल्याच्या सुमारे १.४१ पट भरते. कठिनतेचा वर्ग आणि खोलीचा व्यस्तांक यांचा आलेख काढल्यास सरळ रेषा मिळते. या रेषेवरून दोन्ही स्थिरांक वाचता येतात.

निक्स व गाओ यांच्या विश्लेषणात तांब्याच्या एकस्फटिकासाठी ‘ल’ सुमारे १.६ मायक्रोमीटर आणि थंड अवस्थेत ठोकून कठीण केलेल्या तांब्यासाठी सुमारे ०.४६ मायक्रोमीटर आली. या दोन मूल्यांवरून सूत्राने येणारे कठिनतेचे गुणोत्तर पुढीलप्रमाणे आहे.

| ठशाची खोली (मायक्रोमीटर) | एकस्फटिक तांबे: मूळ कठिनतेच्या पट | ठोकलेले तांबे: मूळ कठिनतेच्या पट |
|---|---|---|
| ०.२ | ३.०० | १.८२ |
| ०.५ | २.०५ | १.३९ |
| १ | १.६१ | १.२१ |
| २ | १.३४ | १.११ |
| ५ | १.१५ | १.०५ |
| १० | १.०८ | १.०२ |
| ४० | १.०२ | १.०१ |

वैशिष्ट्यदर्शक लांबी मूळ कठिनतेच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते. म्हणून मुळात नरम असलेल्या धातूत परिणाम ठळक दिसतो. पाणी देऊन कडक केलेल्या पोलादात ‘ल’ मायक्रोमीटरच्या लहानशा अंशाइतकीच असल्याने परिणाम क्षीण असतो. ज्या धातूत आधीच डिसलोकेशनची गर्दी आहे, त्यात ठशाने आणलेल्या नव्या गर्दीची भर तुलनेने कमी पडते.

## गोलाकार इंडेंटर

गोळीच्या बाबतीत स्थिती वेगळी असते. गोळी खोल जाते तसा ठशाच्या आणि गोळीच्या व्यासांचा अनुपात वाढतो व त्यासोबत विकृतीही वाढते. त्यामुळे ठोकल्याने कठीण होणाऱ्या धातूत एकाच गोळीने मोठा भार दिल्यास कठिनता वाढलेली दिसते. हा ठसा-आकार परिणाम नव्हे. ब्रिनेल चाचणीत भार व गोळीच्या व्यासाचा वर्ग यांचे गुणोत्तर पोलादासाठी ३० ठेवण्याचा आणि नरम धातूंसाठी ते कमी करण्याचा दंडक त्यासाठीच आहे.

गोळीचा खरा आकार परिणाम खोलीवर नसून गोळीच्या त्रिज्येवर अवलंबून असतो. २००२ मध्ये स्वाडनर, जॉर्ज व फार यांनी इरिडियम या धातूवर वेगवेगळ्या त्रिज्यांच्या गोळ्या वापरून हे दाखवले. समान विकृतीला लहान गोळीने मोजलेली कठिनता अधिक येते.

## आभासी कारणे

कमी भाराला कठिनता वाढलेली दिसणे नेहमीच डिसलोकेशनमुळे असते असे नाही. पुढील कारणांमुळे तोच भास होऊ शकतो.

* झिलईने कठीण झालेला थर – घासकागद व पॉलिश यांमुळे पृष्ठभागाचा पातळ थर विकृत होऊन कडक होतो. उथळ ठसा याच थरात राहतो. विद्युत-झिलई करून हा थर काढून टाकता येतो.
* कर्ण मोजण्यातील चूक – कर्ण वाचताना अर्ध्या मायक्रोमीटरची चूक झाली, तर ३०५ मायक्रोमीटरच्या ठशात कठिनतेची चूक ०.३ टक्के होते. ९.६ मायक्रोमीटरच्या ठशात तीच चूक सुमारे १० टक्के होते. ठशाची टोके सूक्ष्मदर्शकात अंधुक दिसत असल्यास कर्ण सहसा लहान वाचला जातो.
* स्थितिस्थापक परतावा – भार काढल्यावर ठसा थोडा मिटतो. लहान ठशांत याचे प्रमाण अधिक असू शकते.
* बोथट टोक – हिऱ्याचे टोक कधीच आदर्श टोकदार नसते. टोकाच्या गोलाईची दुरुस्ती न केल्यास अगदी उथळ खोलीची मूल्ये विश्वसनीय राहत नाहीत.
* काठाचा उंचवटा – काही धातूंत ठशाच्या कडेला धातू वर उचलला जातो. संपर्काचे खरे क्षेत्रफळ हिशोबापेक्षा मोठे असल्याने नॅनोइंडेंटेशनमध्ये कठिनता वाढीव येते.
* ऑक्साइडचा थर – अ‍ॅल्युमिनियमसारख्या धातूवरील कठीण ऑक्साइड थर अत्यंत उथळ ठशांवर प्रभाव टाकतो.

ही सर्व कारणे दूर केल्यानंतरही परिणाम शिल्लक राहतो, म्हणूनच त्याला भौतिक कारण असल्याचे आज सर्वसाधारणपणे मानले जाते.

## उलट परिणाम

काही मापनांत भार कमी केल्यावर कठिनता घटते. याला उलट ठसा-आकार परिणाम म्हणतात. इमारतीची किंवा यंत्राची कंपने हे याचे साधे कारण असते. कंपनांनी इंडेंटर ठरलेल्यापेक्षा खोल जातो आणि कमी भारावर ही चूक प्रमाणाने मोठी ठरते. पृष्ठभागावर नरम थर असणे हे दुसरे कारण. भट्टीत फार वेळ उघड्यावर तापलेल्या पोलादाच्या पृष्ठभागातील कार्बन जळून जातो व वरचा थर नरम राहतो. अशा वस्तूवर वरून हलक्या भाराने केलेली चाचणी आतील पोलादापेक्षा कमी कठिनता दाखवते.

## मराठवाडा व लगतच्या परिसरातील उदाहरणे

नांदेड व लातूर परिसरातील अनेक परिचित वस्तूंच्या साहाय्याने या परिणामाचे व त्याच्याशी गल्लत होऊ शकणाऱ्या घटनांचे स्वरूप समजून घेता येते.

### रूळ आणि रेल्वेचे डबे

भारतीय रेल्वेवरील ८८० श्रेणीच्या रुळासाठी किमान २६० ब्रिनेल कठिनता अपेक्षित असते. नांदेडवरून जाणाऱ्या मनमाड–काचीगुडा मार्गासारख्या कोणत्याही वापरातील मार्गावर चाकांच्या दाबाने रुळाच्या माथ्याचा वरचा थर विकृत होऊन अधिक कठीण होतो. छेद घेऊन माथ्यापासून आत कठिनता मोजत गेल्यास ती कमी होताना दिसते. प्रत्येक ठसा सारख्याच भाराने उमटवला असल्यास हा बदल रुळाचा स्वतःचा असतो, ठसा-आकार परिणामाचा नसतो.

लातूरजवळील हरंगुळ येथे मराठवाडा रेल्वे डबा कारखाना आहे. तेथून डिसेंबर २०२० मध्ये पहिल्या डब्याचा सांगाडा तयार होऊन बाहेर पडला. आधुनिक प्रवासी डब्यांचे सांगाडे मुख्यतः स्टेनलेस पोलादाचे पत्रे जोडून तयार करतात. वेल्डिंग पद्धतीच्या पात्रता चाचणीत जोडाच्या छेदावर मूळ धातू, उष्णताबाधित पट्टा व वेल्ड धातू यांची कठिनता व्हिकर्स पद्धतीने, बहुधा १० किलोग्रॅम-बल भाराने, मोजण्याचा प्रघात आहे. उष्णताबाधित पट्टा अरुंद असेल तर भार कमी करावा लागतो. अशा वेळी एका पट्ट्यात १० किलोग्रॅम आणि दुसऱ्यात १०० ग्रॅम भाराने घेतलेल्या आकड्यांची थेट तुलना केल्यास खोटा फरक दिसू शकतो. ऑस्टेनाइटी स्टेनलेस पोलाद विकृतीने झपाट्याने कठीण होत असल्यामुळे झिलईने कडक झालेल्या थराची अडचणही त्यात अधिक असते.

### पाणी दिलेली अवजारे

विळा, कोयता, कुऱ्हाड यांच्या धारेला लोहार पाणी देतात, म्हणजे लाल तापवून पाण्यात किंवा तेलात बुडवतात. धार कठीण व पाठ चिवट राहावी, हा त्यामागचा हेतू असतो. धार पातळ असल्याने तेथे रॉकवेलचा मोठा भार देता येत नाही. छेद घेऊन व्हिकर्स चाचणीने हलक्या भाराचे ठसे ओळीने उमटवले, तर कठिनतेचा उतार कळतो. धार कडक पोलादाची असल्याने तेथे ठसा-आकार परिणाम कमी, आणि पाठ नरम असल्याने तेथे तो अधिक असतो. त्यामुळे फार हलका भार वापरल्यास पाठीचे आकडे जास्त फुगतात आणि धार व पाठ यांतील खरा फरक लहान भासतो.

### कोनसमुद्रमचे मुशीतील पोलाद

नांदेड जिल्ह्याला लागून असलेल्या तेलंगणातील निजामाबाद जिल्ह्यात कोनसमुद्रम हे गाव मुशीत वितळवून तयार केलेल्या उच्च कार्बन पोलादाचे जुने केंद्र होते. हे पोलाद ‘वूट्झ’ या नावाने जगात ओळखले जाते. इराणी व्यापारी ते तलवारींसाठी खरेदी करीत. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हेन्री व्हॉयसी यांनी तेथील पद्धतीचे वर्णन लिहिले असून ते १८३२ मध्ये प्रसिद्ध झाले.

अशा पोलादाच्या घडवलेल्या पात्यात लोह-कार्बाइडचे अतिकठीण कण पट्ट्यांमध्ये मांडलेले असतात आणि त्यांच्या मधले पोलाद तुलनेने नरम असते. ब्रिनेलचा मोठा ठसा अनेक पट्टे व्यापून सरासरी सांगतो. काही ग्रॅम भाराचा ठसा कधी कार्बाइडवर, तर कधी मधल्या पोलादावर पडतो आणि आकडे विखुरतात. हा विखुरलेपणा रचनेच्या असमानतेमुळे असतो. ठसा-आकार परिणामात मात्र एकाच स्फटिकावर वेगवेगळ्या भाराने घेतलेले आकडे एका निश्चित क्रमाने बदलतात. पुरातन वस्तूंना इजा होऊ नये म्हणून त्यांच्यावर लहान ठसेच घ्यावे लागतात. त्यामुळे अशा अभ्यासात भार नोंदवणे विशेष आवश्यक असते.

## व्यावहारिक महत्त्व

तापवून नरम केलेल्या तांब्याची १० किलोग्रॅम-बल भाराने मोजलेली कठिनता सुमारे ५५ एचव्ही आहे, असे समजू. १० ग्रॅम-बल भाराला ठशाची खोली सुमारे २.३ मायक्रोमीटर येते. ‘ल’ १.६ मायक्रोमीटर धरल्यास वरील सूत्रानुसार कठिनता सुमारे ७२ एचव्ही दिसेल. मोठ्या भाराने मोजलेल्या ठोकलेल्या तांब्याची कठिनता ८० एचव्हीच्या आसपास असू शकते. भार न लिहिता केवळ ‘७२’ हा आकडा कळवला, तर खोल ओढकामासाठी योग्य असा नरम पत्रा बराच कडक समजून नाकारला जाण्याचा धोका असतो. याउलट, हलक्या भाराने मिळालेला फुगीव आकडा किमान कठिनतेच्या अटीशी ताडून पाहिल्यास अपुरा कठीण भाग स्वीकारला जाऊ शकतो. दातेरी चाकांवरील कार्बनयुक्त थराची परिणामकारक खोली ठरवताना सामान्यतः ५५० एचव्ही ही सीमा १ किलोग्रॅम-बल भाराशी जोडलेली असते, ती याच कारणासाठी.

अभियांत्रिकीच्या पदवी व पदविका अभ्यासक्रमांत ब्रिनेल, रॉकवेल व व्हिकर्स या चाचण्या शिकवल्या जातात. भारतीय मानकांत ब्रिनेलसाठी आयएस १५००, व्हिकर्ससाठी आयएस १५०१ आणि रॉकवेलसाठी आयएस १५८६ ही मानके आहेत. कठिनता मोजताना व नोंदवताना पुढील संकेत पाळले जातात.

* आकड्यासोबत पद्धत व भार लिहितात. उदाहरणार्थ, ‘२०० एचव्ही १०’ म्हणजे १० किलोग्रॅम-बल भाराने मोजलेली २०० व्हिकर्स कठिनता.
* तुलना करायची असल्यास सर्व ठसे एकाच भाराने घेतात.
* व्हिकर्स चाचणीत नमुन्याची जाडी ठशाच्या कर्णाच्या किमान दीडपट ठेवतात.
* पोलाद व तांबे यांच्यात लगतच्या दोन ठशांच्या केंद्रांमध्ये कर्णाच्या किमान तिप्पट अंतर सोडतात.
* पातळ लेपाची कठिनता मोजताना ठशाची खोली लेपाच्या जाडीच्या एक-दशांशापेक्षा अधिक होऊ नये, असा ढोबळ नियम आहे. या नियमामुळे खोली आपोआप लहान होते आणि ठसा-आकार परिणाम विचारात घेणे भाग पडते.
* एका कठिनता मोजपट्टीवरून दुसरीवर रूपांतर करण्याची कोष्टके मोठ्या ठशांसाठी आहेत. सूक्ष्म ठशांच्या आकड्यांना ती लावत नाहीत.

## मर्यादा व खुले प्रश्न

निक्स–गाओ सूत्र मायक्रोमीटरच्या पातळीवर अनेक धातूंना चांगले लागू पडते. सुमारे ०.१ मायक्रोमीटरच्या खाली मात्र मोजलेली कठिनता सूत्राने सांगितलेल्या मूल्यापेक्षा कमी वाढते. इतक्या लहान ठशात डिसलोकेशन एकमेकांना दूर ढकलतात व ठशाच्या अर्धगोलाबाहेर पसरतात, म्हणून त्यांची घनता अपेक्षेइतकी वाढत नाही, असे त्याचे एक स्पष्टीकरण आहे.

अत्यंत उथळ ठशांत आणखी एक घटना दिसते. इंडेंटरखालील चिमुकल्या भागात एकही डिसलोकेशन नसेल, तर धातू सुरुवातीला केवळ स्थितिस्थापकपणे दबतो. मग प्रतिबल सैद्धान्तिक बळाच्या जवळ पोहोचताच डिसलोकेशन अचानक निर्माण होतात आणि इंडेंटर झटक्यात आत जातो.

विकृतीचा उतार हे एकमेव कारण नाही, हेही स्पष्ट झाले आहे. मायकेल उचिक व सहकाऱ्यांनी २००४ मध्ये निकेलचे काही मायक्रोमीटर व्यासाचे खांब सरळ दाबून पाहिले. सरळ दाबात विकृतीचा उतार जवळजवळ नसतो, तरीही बारीक खांब अधिक बळकट ठरले. लहान आकारमानात डिसलोकेशन निर्माण करणारी स्थाने कमी असणे, हे त्याचे कारण मानले जाते. ठशाच्या बाबतीत या दोन कारणांचा वाटा किती, हा संशोधनाचा विषय आहे.

## हे सुद्धा पहा

* कठिनता
* ब्रिनेल कठिनता चाचणी
* रॉकवेल कठिनता चाचणी
* व्हिकर्स कठिनता चाचणी
* डिसलोकेशन
* नॅनोइंडेंटेशन
* पोलाद